गरीब गाय, पोटात पाय

मी गरीब आहे. हे माझं मत नाही, माझ्या बायकोचं आहे, आणि लग्न झाल्यापासून ती ते कुणी न विचारता मांडत आली आहे. "ह्यांचं काय विचारता, गरीब आहेत हो," असं ती पाहुण्यांना सांगते. "तुझे बाबा गरीब आहेत ग, कुणीही यावं आणि टपली मारून जावं," असं मुलीला सांगते. हे सगळं माझ्यासमोर. मी सोफ्यावर चहाचा कप घेऊन बसलेलो असतो, आणि बोलणं असं चाललेलं असतं की जणू मी नुकताच गेलोय आणि लोक भेटायला आलेत.

तसा मी डॉक्टर. भूल देतो. साउथहॅम्प्टनपासून थोडं लांब एक लहानसं हॉस्पिटल आहे, तिथं मी स्टाफ ग्रेड आहे. स्टाफ ग्रेड म्हणजे काम कन्सल्टंटचं आणि पाटी दुसऱ्याच्या दारावर. घराचे हप्ते फिटलेत, दारात व्होल्वो आहे, सुलक्षणा स्वतः फार्मसिस्ट आहे आणि तिचा पगार वेगळा. तेव्हा खिशानं मी गरीब नाही. स्वभावानं आहे म्हणतात.

तसं म्हणायचं मुख्य कारण म्हणजे ग्रॅहम. ग्रॅहम आमचा कन्सल्टंट. त्याची एक होडी आहे. हवा चांगली पडली की त्याचा फोन येतो, "सॅश, माय फ्रेंड." शशिकांतचं सॅश पहिल्याच आठवड्यात झालं, तेव्हाही मी काही बोललो नव्हतो. रविवारची ड्यूटी त्याची असते, ती मी करतो का असं तो विचारतो. म्हणजे विचारतो कसला, सांगतो. मी तोंड उघडेपर्यंत त्याचं "यू आर अ स्टार" म्हणून होतं आणि फोन ठेवलेला असतो. मग सुलक्षणा ओरडते, आश्लेषा मध्ये पडते, आणि मी डबा घेऊन निघतो. त्या होडीत मी एकदाही बसलेलो नाही, पण ती चालते माझ्या जिवावर.

आश्लेषा आमची एकुलती एक. २००६च्या सप्टेंबरात ती शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. हुशार आहे हो पोरगी, बाप म्हणून नाही सांगत. केंब्रिजला इंग्लिश करायचं हे तिनं बारा-तेरा वर्षांची असतानाच ठरवलं होतं. सुलक्षणाची मैत्रीण स्वाती तिथं रिसर्च करते, तिच्याकडे आम्ही दोन-चारदा गेलो, तर ही परत येताना गाडीत गप्प गप्प. "काय झालं ग?" म्हटलं की म्हणायची, "काही नाही, मला तिथं राहायचंय." आणि त्या सप्टेंबरात एका संध्याकाळी पोळी मोडता मोडता तिनं सांगितलं, "मी केंब्रिजला अप्लाय नाही करणार. मी इथल्याच युनिव्हर्सिटीत जाते. घरूनच."

सुलक्षणाच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. "का?"

"असंच."

"असंच म्हणजे काय? कुणी मुलगा आहे का?"

"आई, प्लीज."

अर्ज ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जायला हवा होता. तेवढ्या दिवसांत सुलक्षणानं सगळे उपाय केले. रडून झालं, रागावून झालं, पुण्याहून आत्याचा फोन करवून झाला. आश्लेषा ढिम्म. मला विचाराल तर माझं काळीज तुटत होतं. पण मी काय बोलणार? आणि दिवसभर लोकांना झोपवून संध्याकाळी घरी आलेल्या माणसात बोलायचं त्राणही राहत नाही.

त्याच दिवसांत तिचं कोर्सवर्क चालू होतं. विषय होता, लेखक वाचकाला गरिबीबद्दल कसं पटवतात. जेवणाच्या टेबलावर पसारा. एक चॅरिटीचं पत्रक, एक वर्तमानपत्राचं कात्रण, तीन रंगांचे हायलायटर. मी जवळ जाऊन बसलो की ती समजावून सांगायची. मला ते आवडायचं. दिवसातला तेवढाच वेळ मला कुणीतरी काहीतरी सांगत होतं, माझ्याकडून काही न मागता.

"हा फोटो बघ, बाबा. किती मोठी डोळे. एकच मुलगी. शंभर मुली दाखवल्या तर लोक पैसे देत नाहीत, एक दाखवली की देतात. आणि खाली 'यू'. यू कॅन सेव्ह हर. डिरेक्ट अॅड्रेस."

"आणि हे कात्रण?"

"हे उलटी आहे. हे म्हणतं, पुअर लोक लेझी आहेत, गव्हर्नमेंटचे बेनिफिट खातात. इथे रूल ऑफ थ्री. 'बिअर, बिंगो अँड बेबीज.' तीन गोष्टी एकत्र म्हटल्या की खरी वाटतात. आणि इथे रेटॉरिकल क्वेश्चन, म्हणजे प्रश्न विचारायचा आणि उत्तर द्यायला चान्सच द्यायचा नाही."

"म्हणजे ग्रॅहम," मी म्हणालो.

ती हसली नाही. पेन्सिलीनं टेबलावर टकटक करत राहिली. "पण दोन्हीत एक गोष्ट सेम आहे. एक म्हणतं पुअर लोक बिचारे, एक म्हणतं वाईट. पण पुअर माणूस स्वतः कुठेच बोलत नाही. वाचणारा 'यू' आहे, आणि ते सगळे 'दे'. 'आय' कुणीच नाही म्हणत."

"अरे वा," मी म्हणालो. मला खरंच कौतुक वाटलं. एवढं आम्हाला त्या वयात कुठे सुचत होतं.

"आणि तिसरी टेक्स्ट पण आहे," ती म्हणाली. "ती झाल्यावर दाखवते." आणि कागद उलटे करून ठेवले.

पुढच्याच आठवड्यात शाळेतून फोन आला. आश्लेषाच्या इंग्लिशच्या बाई, मिसेस प्रिचर्ड, त्यांनी आम्हा दोघांना भेटायला बोलावलं. सुलक्षणाला वाटलं केंब्रिजबद्दल असणार, तिनं ठेवणीतला कोट काढला. हातात सोन्याच्या पाटल्या होत्याच.

मिसेस प्रिचर्ड बाई चांगल्या. त्यांनी बिस्किटं पुढं केली, मग टिश्यूचा खोकासुद्धा पुढं सरकवला, तेव्हाच मला जरा खटकलं. अगदी हळू आवाजात त्यांनी सुरुवात केली. हल्लीचे दिवस कठीण आहेत, यात कुणी लाज वाटून घ्यायचं कारण नाही, आश्लेषासारखी मुलगी केवळ घरच्या परिस्थितीमुळे मागं राहणं त्यांना बघवत नाही. केंब्रिजच्या कॉलेजांत मदत मिळते, शाळेचाही छोटा फंड आहे, अगदी गुप्तपणे. हे सांगताना त्यांची नजर सुलक्षणाच्या पाटल्यांवर गेली आणि लगेच दुसरीकडे वळली. बिचारीला वाटलं असेल, शेवटचं तेवढंच राहिलंय.

"परिस्थिती?" सुलक्षणा म्हणाली. "कसली परिस्थिती?"

बाईंनी आश्लेषाच्या कोर्सवर्कचं पहिलं पान पुढं ठेवलं. शेवटच्या परिच्छेदावर बोट. तिथं इंग्रजीत लिहिलं होतं, 'माझी तिसरी टेक्स्ट माझ्या घरातली आहे. आमच्या घरात माझ्या वडिलांना रोज गरीब म्हटलं जातं. ते कधीच उत्तर देत नाहीत.'

गरीबच्या जागी अर्थात 'पुअर'.

आता कुठलाही शहाणा माणूस अशा वेळी म्हणाला असता की बाई, काहीतरी घोटाळा आहे. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "थँक यू. व्हेरी काइंड." तोंडातून निघून गेलं. सुलक्षणानं माझ्याकडे असं पाहिलं की त्या खोक्यातला टिश्यू मलाच लागेल.

गाडीत बसेपर्यंत तिनं दम धरला. दार लागलं आणि तोफ सुटली.

"थँक यू काय! अहो, ती बाई तुमच्या तोंडावर तुम्हाला भिकारी म्हणते आणि तुम्ही थँक यू? आणि ही कार्टी, हिला काय कमी केलं आपण? पुअर म्हणे! कोणी म्हटलं हिला आपण पुअर आहोत? घरात कोण म्हणतं तुम्हाला रोज गरी..."

तिथं ती थांबली. मी राउंडअबाउटवर होतो, मला बाहेर पडायचा रस्ताच दिसेना, आणखी एक चक्कर मारली.

"अग बाई," सुलक्षणा हळूच म्हणाली.

दुसऱ्या चक्करीला मला घराचा रस्ता सापडला.

आश्लेषा दारातच होती. सुलक्षणानं कोटसुद्धा काढला नाही. "अग वेडे, गरीब म्हणजे पुअर नाही ग! म्हणजे आहे, पण मी म्हणते ते वेगळं. स्वभावानं गरीब. गरीब गाय म्हणतो ना, तसं. मऊ. कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. पैशाचा काही संबंध नाही! तू पैशासाठी केंब्रिज सोडत होतीस का ग? आधी बोलायचं नाही का, सोन्या?"

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, चला, शब्दाचा घोटाळा. इथं जन्मलेली मुलगी, मराठी मोडकं, चुकलं बिचारीचं. आता निस्तरेल.

आश्लेषा म्हणाली, "मला माहितीय, आई. त्या शब्दाचे दोन मीनिंग आहेत हे मी सातव्या पानावर लिहिलंय. मिसेस प्रिचर्डनं फक्त पहिली पान वाचली."

"मग केंब्रिज?"

"ते वेगळं आहे," असं म्हणून ती वर निघून गेली.

जेवण झाल्यावर ती भांडी विसळत होती, मी फडक्यानं पुसत होतो. सुलक्षणा बाहेर टीव्हीपुढे, पण टीव्हीचा आवाज बंद. मी धीर करून विचारलं, "मग का नाही भरत अर्ज? मला तरी सांग."

ती किती तरी वेळ एकच पातेलं घासत राहिली. मग माझ्याकडे न बघताच बोलली.

"कारण तू गरीब आहेस, बाबा. दुसऱ्या मीनिंगनं. ग्रॅहमचा फोन येतो, तू येस म्हणतोस. आई ओरडते. तू काहीच बोलत नाहीस. मग मी आईला सांगते की शट अप, आणि तुला सांगते की नेक्स्ट टाइम नो म्हण. मी गेले की घरात कोण असेल? तू, आई, आणि तो फोन. तुझ्या बाजूनं कोण बोलणार?"

माझ्या हातातली ताटली मी तीनदा पुसली. अठरा वर्षांचीसुद्धा नाही झाली अजून, आणि माझी पालक होऊन बसली. लाज वाटली. फार लाज वाटली. आणि त्याहून जास्त थकल्यासारखं वाटलं, कारण ती म्हणत होती ते बदलायचं तर मला बदलायला हवं होतं, आणि माझं वय चोपन्न.

"मी बोलेन की," मी म्हणालो.

"ओके," ती म्हणाली. ज्या आवाजात आपण पेशंटच्या नातेवाइकांना म्हणतो, त्या आवाजात.

मग मी ठरवलं की तिला दाखवायचं. रविवारी आम्ही तिघांनी केंब्रिजला स्वातीकडे जायचं, आश्लेषानं कॉलेजं पुन्हा एकदा बघायची, मन वळलं तर वळलं, असं सुलक्षणानं जमवून आणलं. आश्लेषाही नाही म्हणाली नाही. तिलाही जायचं होतंच ना! आणि शुक्रवारी दुपारी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर ग्रॅहमनं मला गाठलं. "सॅश, संडे? हवा सुंदर आहे म्हणतात. यू आर अ स्टार." मी मास्कमध्ये होतो. मान हलली. कुठल्या दिशेनं हलली ते मला नक्की माहीत होतं.

घरी येताना सगळा रस्ता मी स्वतःला शिव्या दिल्या. आणि घरी आल्यावर मी जे केलं ते सांगायलाही संकोच वाटतो. पण भूल देणं हा माझा धंदाच आहे.

सुलक्षणा स्वयंपाकघरात होती, आश्लेषा टेबलाशी. मी पॅसेजमध्ये गेलो, कॉर्डलेस फोन उचलला, चारदोन बटणं दाबल्यासारखं केलं आणि दोघींना ऐकू जाईल अशा आवाजात, इंग्रजीतून, सुरू झालो.

"ग्रॅहम? शशिकांत बोलतोय. रविवारचं विसर. नाही, नाही आणि नाही. माणसाला कुटुंब असतं की नाही? मुलीच्या भविष्यापेक्षा तुझी होडी मोठी आहे का? वडील म्हणून प्रत्येकाचं एक कर्तव्य असतं. गुडबाय."

फोन ठेवला. स्वयंपाकघरातून सुलक्षणा हातातल्या लसणासकट बाहेर आली होती. तिचे डोळे भरले होते. "अहो!" एवढंच म्हणाली. अठ्ठावीस वर्षांत तिनं माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. एक क्षण मलाही खरंच वाटलं की मी बोललो.

आश्लेषा उठून आली. तिच्या हातात हायलायटर होता.

"नो, नो, नो. रूल ऑफ थ्री," ती म्हणाली. "मग दोन रेटॉरिकल क्वेश्चन्स. मग जनरलायझेशन, 'प्रत्येकाचं कर्तव्य'. आणि बाबा, एवढ्या सगळ्यात तू एकदापण 'आय' नाही म्हणालास."

"असं काही नाही ह..."

"आणि ग्रॅहम कधी कुणाचं वाक्य पूर्ण होऊ देतो का? तू सहा वाक्य बोललास. मध्ये कुणी बोललंच नाही." तिनं हायलायटरला टोपण लावलं. "फोनवर कुणी नव्हतं ना?"

सुलक्षणानं माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे, मग पुन्हा माझ्याकडे. ती ओरडेल असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती जिन्याच्या पायरीवर बसली.

"खरं काय ते सांग," आश्लेषा म्हणाली. "तू येस म्हणालायस?"

"मान हलली," मी म्हणालो.

तिनं फोन उचलला. भिंतीवर नंबर लावलेला होता, तो तिनं बघून लावला आणि फोन माझ्यापुढे धरला. पलीकडे रिंग वाजायला लागली होती. पळून जायचं तर दार दोन पावलांवर होतं. पण त्या पोरीचे डोळे, तिच्याच भाषेत सांगायचं तर, किती मोठी झाली होती.

"सॅश! माय फ्रेंड!" ग्रॅहम म्हणाला. "संडेचं ना? यू आर अ..."

"नाही," मी म्हणालो. "म्हणजे, सॉरी, मी..."

"काही अडचण? अर्धा दिवस तरी..."

"मी येणार नाही." आय. मी आय म्हणालो, मला ते ऐकू आलं. "मी हो म्हटलं होतं. म्हणजे मान. पण मला यायचं नाहीये. सॉरी. मला नाही यायचं." एवढं बोलायला मला धाप लागली. कारण दिलं नाही, कुटुंब नाही, भविष्य नाही, काहीच सुचलं नाही.

मग ग्रॅहम म्हणाला, "राइट. ओके. मी बघतो काहीतरी." आणि ठेवला.

बस. एवढंच! वीस वर्षांचे रविवार, आणि एवढंच. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी सुलक्षणाच्या शेजारी पायरीवर बसलो आणि मला रडू आलं. इतकं सोपं होतं हे माहीत असतं तर... नाही, माहीत होतं. जाऊ दे.

सुलक्षणानं लसणाच्या हातानंच माझा चष्मा काढून घेतला. "गरीब गाय आणि पोटात पाय," ती म्हणाली. "त्या खोट्या फोनवर मी विश्वास ठेवला हो! चांगलंच बनवलंत मला."

"काउच्या पोटात पाय?" आश्लेषानं विचारलं.

"वरून गरीब दिसतो आणि आतून पक्का लबाड असतो तो," मी सांगितलं. "तिसरा मीनिंग. लिही सातव्या पानावर."

ती आमच्या खालच्या पायरीवर बसली. जरा वेळानं मी विचारलं, "मग? पटलं का?"

"पहिला कॉल खूप वेल-स्ट्रक्चर्ड होता," ती म्हणाली. "दुसरा एकदम वाईट होता. काही टेक्निकच नाही." तिनं नाक पुसलं. "दुसरा पटला."

त्याच रात्री तिनं अर्ज भरला असं म्हणायला मला आवडलं असतं, पण नाही भरला. "रविवारी बघू," म्हणाली. माझ्यावर तिचा पूर्ण भरवसा बसायला अजून वेळ होता आणि तिचं काही चुकत नव्हतं.

रविवारी सकाळी निघालो. सुलक्षणा गाडी चालवायला बसली, आश्लेषा मागं. मी दाराला किल्ली लावत होतो तेवढ्यात आत फोन वाजायला लागला. माझा हात किल्लीवर तसाच थांबला.

"अहो, फोन वाजतोय," सुलक्षणा गाडीतून म्हणाली. सवयीनंच, आयुष्यभर तेच म्हणत आली होती.

मागच्या खिडकीची काच खाली होती. आश्लेषा माझ्याकडे बघत होती. या वेळी ती काहीच बोलली नाही.

"वाजू दे," मी म्हणालो, आणि किल्ली खिशात टाकली. गाडीत बसलो, पट्टा लावला, आणि विंचेस्टर यायच्या आत मला गाढ झोप लागली. आश्लेषानं हलवून उठवलं तेव्हा केंब्रिज आलं होतं, आणि तिच्या मांडीवर अर्जाचं पहिलं पान भरून झालं होतं.